संत्र्याच्या पॅकहाउसमध्ये अतिवाहक त्वरक बसवायचा तर द्रव हेलियम लागेलच का?

लागेलच असं नाही. (त्वरक म्हणजे इलेक्ट्रॉनांना वेग देऊन त्यांचा झोत बनवणारं यंत्र; त्या झोताने फळांवर किरण-प्रक्रिया करतात. अतिवाहक म्हणजे अतिथंड झाल्यावर विजेला जवळजवळ रोध न करणारा.) वरूडपर्यंत हेलियम आणणार कोण, ही तुमची शंका रास्तच आहे, पण आता त्यावाचून भागतं.

इलेक्ट्रॉनांना जिथे वेग मिळतो ती शुद्ध नायोबियम धातूची पोकळी ९.२ केल्विनखाली (सुमारे उणे २६४ अंश सेल्सिअस) अतिवाहक होते, तरी उष्णता कमी राहावी म्हणून ती बहुधा २ केल्विनच्या द्रव हेलियमात बुडवून चालवतात. आतून नायोबियम-टिनचा पातळ थर दिला की ही मर्यादा १८ केल्विनपर्यंत चढते आणि ४ केल्विनवर काम भागतं. मग अतिशुद्ध ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्या पोकळीला आवळायच्या, दुसरं टोक क्रायोकूलरला, म्हणजे विजेवर चालणाऱ्या अतिशीत यंत्राला, जोडायचं. अमेरिकेतल्या फर्मीलॅबने अशी पोकळी चालवून दाखवली आहे.

खरी मेख विजेत आणि पाण्यात आहे. ४ केल्विनवरची जेमतेम २ वॅट उष्णता ओढायला क्रायोकूलरचा कंप्रेसर १० किलोवॅटच्या आसपास वीज खातो आणि बहुतेक मोठे कंप्रेसर पाण्यानेच गार होतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की ते पाणी गार करणाऱ्या चिलरची कसोटी लागते. बोअरचं पाणी जड असेल तर नळ्यांत क्षार धरतात. लोडशेडिंग झालं तर आधाराला हेलियमचा साठा नसतो, पोकळी तापू लागते. पुन्हा गार करताना घाईही चालत नाही: तापमान सगळीकडे सारखं उतरलं नाही, तर चुंबकक्षेत्र थरात अडकतं आणि उष्णता वाढते.

माझं मत विचाराल तर फळांसाठी साधा तांब्याचा त्वरक पुरे. अतिवाहक यंत्र परवडतं ते शेकडो किलोवॅटचा झोत अखंड लागतो तिथे, उदाहरणार्थ मोठ्या सांडपाणी प्रकल्पात.