दात डॉक्टरांनी नाही, हायजिनिस्टनी साफ केले. हे चालतं का?

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: क्लिनिंगसाठी गेलात, पण खुर्चीशेजारी डॉक्टरांऐवजी हायजिनिस्ट बसल्या. त्यांनी बराच वेळ दाताशी काहीतरी टोचत आकडे सांगितले, मग दात साफ केले. आता दातांत फटी दिसतात, गार पाण्यानं झिणझिणतं, आणि आपण फसलो की काय असं वाटतंय.

फसला नाहीत. त्यांनी आकडे सांगितले म्हणजे काम नीट झालं. काहीच न मोजता दहा मिनिटांत मशीन फिरवून सोडून दिलं असतं, तर मी काळजी केली असती.

आधी कायद्याचं. आपल्याकडे १९४८ च्या डेंटिस्ट्स अ‍ॅक्टपासूनच हायजिनिस्टच्या कामाची व्याख्या आहे: दातांवरचं किटण काढणं, दात साफ आणि पॉलिश करणं, दातांची निगा कशी राखायची ते शिकवणं. त्यासाठी दोन वर्षांचा डिप्लोमा करून राज्याच्या दंत परिषदेकडे नोंदणी करावी लागते. किडीचं निदान, फिलिंग, दात काढणं ही कामं डॉक्टरांची; हायजिनिस्ट त्यांच्या देखरेखीखाली काम करतात. सक्शन धरणारी, साहित्य हातात देणारी असिस्टंट वेगळी. तिनं तुमच्या तोंडात स्केलर, म्हणजे किटण काढायचं मशीन, चालवता कामा नये. शंका असेल तर नोंदणी क्रमांक सरळ विचारा, त्यात गैर काही नाही.

आता ते आकडे. हातात होतं ते प्रोब: बोथट टोकाची, मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई. ती दात आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेत अलगद सरकवून खोली मोजतात. दाताच्या बाहेरून तीन ठिकाणी, आतून तीन ठिकाणी, म्हणजे २८ दातांची १६८ मापं होतात. १ ते ३ मिलिमीटर असेल तर ठीक. ४ किंवा त्याहून जास्त आलं, तर तिथे पॉकेट, म्हणजे हिरडी दातापासून सुटून झालेला खोल कप्पा, तयार झालंय असं धरून लक्ष ठेवावं लागतं. ब्रशचे केस एवढ्या खोल पोचतच नाहीत, त्यामुळे आतला थर तसाच राहतो आणि दाताभोवतीचं हाड हळूहळू झिजतं. दुखत मात्र नाही, म्हणून तर लोक उशिरा येतात.

या मोजणीत सगळा खेळ जोराचा आहे. साधारण २० ते २५ ग्रॅम एवढाच दाब हवा. नखाखाली तोच प्रोब तेवढ्या जोरानं सरकवला तर दुखू नये. जास्त दाबलं की टोक सुजलेल्या हिरडीत घुसतं आणि आकडा फुगतो. उलट मध्ये किटणाचा खडा आडवा आला, तर प्रोब वरच अडतो आणि खोल पॉकेट उथळ वाटतं. मोजताना कुठे रक्त आलं तेही लिहितात. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत रक्त कमी येतं, म्हणून हिरडी वरून बरी दिसते आणि आत मात्र बिघडलेली असते. मशेरी लावणाऱ्यांत गाल-ओठांच्या आतला पांढरा चट्टा, गुटखा खाणाऱ्यांत तोंड कमी उघडणं, हेही चांगल्या हायजिनिस्टच्या नजरेतून सुटत नाही. त्या लगेच डॉक्टरांना बोलावतात.

सुरुवातीला विचारलेले आजारपणाचे प्रश्न उगाच नसतात. मधुमेह आटोक्यात नसेल तर हिरडी भरून यायला वेळ लागतो. अशांनी नाश्ता आणि औषध घेऊनच यावं. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर सांगायची, पण स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. हृदयात कृत्रिम झडप असेल तर आधी अँटिबायोटिक लागतं. रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिननं काहींच्या हिरड्या वाढतात, तेही इथेच कळतं.

आता प्रत्यक्ष सफाई. स्केलर मशीनचं टोक सेकंदाला साधारण २५ ते ५० हजार वेळा थरथरतं. त्याची कड दाताला जवळजवळ समांतर ठेवून सतत हलवत राहायचं असतं. टोक सरळ दातात रोवलं तर ओरखडा पडतो, पाणी बंद असेल तर दात तापतो. खालच्या पटाशीच्या दातांच्या मागे किटण सर्वांत जास्त सापडतं, कारण लाळग्रंथींची तोंडं तिथेच उघडतात आणि लाळेतल्या क्षारांनी मऊ थर काही दिवसांतच दगडासारखा होतो. मशीननंतर हिरडीखालचं बारीक किटण क्युरेट नावाच्या हातानं चालवायच्या बारीक हत्यारानं काढतात.

म्हणजे तुमच्या फटी नवीन नाहीत. तिथे किटण बसलं होतं आणि हिरडी सुजलेली होती. किटण गेलं, सूज उतरली, जागा उघडी पडली. झिणझिण्याही त्यामुळेच, मुळाचा भाग उघडा पडल्यानं. सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट रात्री बोटानं त्या जागी लावून ठेवा, बहुतेकांना दोन आठवड्यांत फरक पडतो.

माझ्या मते खरी कसोटी यानंतरची आहे. ब्रश हिरडीकडे ४५ अंशांत तिरपा कसा धरायचा हे त्यांनी तुमच्या हातात ब्रश देऊन, आरशात दाखवलं का? फटींसाठी इंटरडेंटल ब्रशचं, म्हणजे दातांच्या मधे घालायच्या तारेच्या बारीक ब्रशचं, माप ठरवून दिलं का? तो किंचित अडखळत आत जायला हवा. ढिला गेला तर साफ करत नाही, जोर लावावा लागला तर तार दाताला घासते. वेगवेगळ्या फटींना दोन मापं लागणं अगदी नेहमीचं. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश दिला असेल तर ०.२ टक्क्यांचा १० मिली, एक मिनिट, ब्रश केल्यावर अर्ध्या तासानं. लगेच घेतला तर पेस्टमधल्या फेसाच्या घटकानं तो निकामी होतो. दोन आठवड्यांहून जास्त नको, चहा पिणाऱ्यांच्या दातांवर त्यानं तपकिरी डाग पडतात.

दोन-तीन महिन्यांनी परत जा आणि तेच आकडे पुन्हा मोजून घ्या. आधीच्या तक्त्याची प्रत मागून ठेवा. ६ मिलिमीटरच्या पुढची पॉकेट तशीच राहिली असतील, तर हिरड्यांच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे पाठवायला सांगा, कारण एवढ्या खोलीवर नुसत्या क्लिनिंगनं किटण पूर्ण निघत नाही. त्याआधीच सूज आली, पू दिसला किंवा एखादा दात जास्त हलायला लागला, तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.