बाग विकायची की राहायचं?

प्रश्न : घरच्यांच्या अपेक्षांतून सुटणाऱ्या माणसावरचा, फारसा कुणी न पाहिलेला युरोपीय चित्रपट सुचवाल? शेवटी नायक मरतो, असला नको.
– एक वाचक, सातारा

उत्तर : मग मार्टिन शुलिक या स्लोव्हाक दिग्दर्शकाचा ‘झाहराडा’, म्हणजे ‘बाग’, बघाच. १९९५चा आहे, स्लोव्हाकिया वेगळा देश होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती.

याकुब तिशीतला शिक्षक, अजून शिंपी बापाच्या घरात राहणारा. एका विवाहितेशी त्याचं प्रकरण, बाप वैतागलेला. आजोबांचं ओसाड घर विक आणि त्यात फ्लॅट घे, असा बापाचा हिशेब. याकुब जातो खरा, पण तिथेच रमतो. आजोबांची रोजनिशी उलट्या अक्षरांत लिहिलेली, आरशात धरून वाचायची! रूसो, विट्‌गेन्श्टाइन अशी जुन्या तत्त्वज्ञांची नावं सांगणारे पाहुणे बागेत उगवतात आणि कुणालाच त्याचं नवल वाटत नाही. हेलेना नावाची एक अजब मुलगीही भेटते.

मला यात सगळ्यात काय भावतं सांगू? याकुब कुणाशी भांडून क्रांती करत नाही. तो फक्त घर विकत नाही. आपल्याकडे सुटका म्हटलं की दार आपटून निघून जाणं डोळ्यांपुढे येतं. इथे एक माणूस नुसता थांबतो, आणि तेवढंच पुरतं. मारियान लाबुदानं उभा केलेला बापही खलनायक नाही. चिडका आहे, पण मुलावर जीव आहे त्याचा. शेवटी तोही त्याच बागेत येतो.