पहिल्या ताटाला मत नसतं

पोरी,

अनेक आशीर्वाद.

ऑफिसातली मंडळी तुला वॉशिंग्टनजवळच्या सिल्व्हर स्प्रिंगच्या इथिओपियन हॉटेलात घेऊन गेली. मधोमध एकच मोठं ताट आलं. तू चमचा मागितलास, मग भात मिळेल का विचारलंस, आणि 'कसं वाटलं?' म्हटल्यावर 'आमच्या आंबोळीसारखं, पण फारच आंबट' असं सांगून मोकळी झालीस. आता शुक्रवारी पुन्हा बोलावणं आहे, आणि तू मला विचारतेस की आवडलं नाही हे खरं सांगू की गोड बोलून वेळ मारून नेऊ?

पहिल्या ताटाला मत नसतं, तेव्हा खरं-खोटं बोलायचा प्रश्नच येत नाही. ते जसं जेवतात तसं जेवायचं आणि उठायचं.

त्या आंबोळीचा मला खरा राग आला. नाक मुरडणारा माणूस निदान समोरचं परकं आहे एवढं तरी मान्य करतो. 'हे तर आपल्यासारखंच' म्हणणाऱ्याला तेवढंही करायचं नसतं. शिरो म्हणजे पिठलं, मिसिर वोट म्हणजे मसुराची आमटी, अशी यादीच केलीस तू. एवढं सगळं ओळखीचं होतं, तर घास का उतरेना? तू आंबोळी म्हणालीस तो इंजेरा, आणि तो होतो टेफचा. हे धान्य खसखशीएवढं बारीक. मागच्या खेपेच्या पिठावर आलेलं पाणी विरजण म्हणून घालतात, पीठ दोन-तीन दिवस आंबवतात आणि मोठ्या गोल तव्यावर झाकण ठेवून एकाच बाजूनं भाजतात. वरच्या अंगाला जे असंख्य डोळे पडतात, ते रस्सा धरायला. तू नुसता तुकडा मोडून चाखलास. आंबट लागेल नाही तर काय! मिसिर वोटमध्ये कांदा आधी कोरडाच, तेलाशिवाय, पार विरघळेपर्यंत परततात; मग तेल आणि बर्बेरे. मिरची, आलं, लसूण, मेथी, ओवा असं बरंच काही असतं त्या बर्बेरेत. त्या तिखटाला तो आंबटपणा लागतो. दोन्ही एका घासात गेले तरच जेवण होतं.

आणि ताटात भाज्यांखाली अंथरलेला इंजेरा तसाच टाकून उठलीस! अगं, सगळ्या भाज्यांचा रस पिऊन बसलेला असतो तो. शेवटी सगळे त्याच्यावरच तुटून पडतात.

उष्ट्याचं लिहिलंयस ते मला समजतं. आपल्या घरांत ते रक्तातच असतं. पण तिथे नीट बघ. जेवणाआधी हात धुतात. प्रत्येक जण आपल्या समोरच्या बाजूनं, उजव्या हातानं खातो. इंजेऱ्याच्या तुकड्यात भाजी चिमटीनं धरून घास तोंडात टाकतात. बोटं चाटणं असभ्य समजतात. कुणी घास गुंडाळून तुझ्या तोंडापुढे धरला, तर त्याला गुर्शा म्हणतात. मानाची, मायेची गोष्ट आहे ती. मान फिरवू नकोस. तोंड उघड.

मी इथिओपियात, अदिस अबाबाला शिकवायला होतो तेव्हा आमच्या वसाहतीतले भारतीय प्राध्यापक रोज रात्री कुकर लावायचे. डाळ-भात, सुट्टीत गावाहून आणलेलं लोणचं, आणि त्यावर 'या लोकांना खायला येत नाही' हे तोंडी लावणं. मी समोरच्या खानावळीत जायचो. मला हेकट म्हणाले, ताळतंत्र सोडलं म्हणाले. तुझ्या काकूला तर आजही वाटतं की मी परमुलखात उष्टं खाऊन आलो. वाटू दे. निवृत्त होऊन परतले तरी त्यांच्यातल्या एकालाही तिथल्या कुणाच्या घरचं जेवण ठाऊक नाही. मला तीन घरांतली मुलं मामा म्हणायची. हे मिरवणं झालं, कळतंय मला. खंत आहे ती एवढीच, की घरमालकीण बर्बेरे कुटायला बसायची तेव्हा मी शेजारी पेपर वाचत बसलो.

तू शाकाहारी, म्हणून शुक्रवारचं आमंत्रण उलट सोयीचं. बुधवारी आणि शुक्रवारी तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा उपास असतो. मांस, अंडी, दूध, लोणी सगळं वर्ज्य. म्हणून त्यांच्याइतका डाळी-भाज्यांचा पसारा मी फार थोड्या ठिकाणी पाहिला. 'उपासाचं बेयायनेतू' माग. एकाच इंजेऱ्यावर मसूर, शिरो, गोमेनची पालेभाजी, कोबी-बटाटा-गाजर असं थोडं थोडं येईल. शाकाहार सोड असं मी म्हणत नाहीये. ज्याची बाधा होते ते खाऊ नये, जे व्रत आहे ते मोडू नये. पण चमचा हे काही तुझं व्रत नाही.

आणखी एक. 1974 साली लष्करानं सम्राट हैले सेलासीला पदच्युत केलं, त्यानंतर देश सोडावा लागलेली पुष्कळ माणसं वॉशिंग्टनच्या परिसरात स्थिरावली. तिथली इथिओपियन हॉटेलं त्यांच्या पाठोपाठ आली. आधी आपल्याच माणसांसाठी रांधलेलं जेवण आहे ते. त्यात तुझ्यासाठी भात का ठेवावा कुणी?

आणि कुणी विचारलंच 'कसं वाटलं?' तर 'अजून जेवतेय' म्हण. तिसऱ्या-चौथ्या वेळी खुशाल सांग नाही आवडत म्हणून. तेव्हा तुझ्या नावडीला वजन असेल. आत्ता नाही.

कॉफी मागणार असशील तर उशिरा मागू नकोस. रीतसर करणारे असतील तर हिरव्या बिया तुमच्यासमोर भाजतील, धूप लावतील, सोबत लाह्या देतील, आणि कॉफीच्या तीन फेऱ्या होतील: अबोल, तोना, बराका. पहिली कडक असते, पुढच्या फिकट होत जातात. पहिली पिऊन घड्याळ बघत उठायचं असेल, तर कॉफी मागूच नकोस.

तुझा,
काका