वाचकांचे प्रश्न : ई-माउंटन बाईक, जांबोटीचं जंगल आणि शेताचा बांध

प्रश्न : दादा, मी दिवाळीला ई-माउंटन बाईक घेतलो, २५० वॉटची मोटर आहे, पेडल मारल्याशिवाय चालत नाही. परवा जांबोटीच्या पुढं मेन रोड सोडून आत गाडीवाटेनं शिरलो तर फॉरेस्ट गार्डनं अडवलं, मोटर लावलेली गाडी आत सोडत नाही म्हणाला. हिला नंबर प्लेट नाही, लायसन्स लागत नाही, मग ही मोटरसायकल कशी? आणि एक, मेकॅनिक लिमिट काढून देतो म्हणतोय, ४० पर्यंत जाईल म्हणे. काढू काय?
– एक वाचक, शहापूर

उत्तर : आधी दुसऱ्याचं सांगतो, अजिबात काढू नको. केंद्राच्या मोटार वाहन नियमांत तुझी बाईक सायकल ठरते ती याच अटींवर की मोटर २५० वॉटच्या आतली, पेडल थांबलं की मदत थांबणार, आणि ताशी २५ किलोमीटर झाले की मोटर बंद. लिमिट काढलास की नंबर, इन्शुरन्स, लायसन्स सगळं लागतं, आणि उद्या कुणाला धडकलास तर तुझ्या बाजूनं बोलायला कोण उभं राहणार नाही.

आता गार्डचं. रस्त्यावर ती सायकल आहे हे खरं, पण रस्त्याचा कायदा वेगळा आणि जंगलाचा वेगळा. जांबोटीजवळचं भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं अभयारण्यात तिथले रहिवासी, सरकारी माणसं, हमरस्त्यानं जाणारे असे मोजके लोक सोडून बाकी सगळ्यांना परवाना लागतो, चालत गेलास तरी लागतो. म्हणजे मोटर आहे का नाही हा वादच तिथं येत नाही. जांबोटी-कणकुंबी-चोर्ला रोड हमरस्ता आहे, त्यावरनं खुशाल जा, आत वळायचं असेल तर आधी फॉरेस्टच्या रेंज ऑफिसात जाऊन ही वाट अभयारण्यात येते का, राखीव जंगलात येते का, विचार.

अमेरिकेतही हाच वाद चाललाय. तिथं थ्रॉटल (पेडल न मारता मोटर चालवायची मूठ) नसलेली आणि ताशी २० मैलांना मदत थांबवणारी ई-बाईक ती क्लास वन, आणि बऱ्याच ट्रेलवर, म्हणजे जंगल-डोंगरातल्या वाटांवर, फक्त तेवढीच सोडतात. ओरेगॉनमध्ये तर ट्रेलवरची माती किती उकरते ते मोजून बघितलं, क्लास वन साध्या माउंटन बाईकच्या जवळपासच निघाली, मोटरसायकल मात्र जास्त उकरते. पण मला विचारशील तर आपल्याकडं मातीपेक्षा मोठा प्रश्न अस्वलाचा आहे. वारुळ उकरताना त्याला भोवतालचं भान नसतं, नजर कमजोर, आणि एकदम जवळ माणूस दिसला की घाबरून अंगावर येतं. साधी सायकल चढाला धापा टाकत येते, तुझी आवाज न करता दुप्पट स्पीडनं वळणावर पोचते, तेव्हा ते दचकणार की नाही सांग. गव्याचं पण तसंच. म्हणून परवाना मिळाला तरी पहाटे आणि तिन्हीसांजेला जाऊ नको आणि वळणावर बेल वाजव.

आणि एक मनाला लागलेलं सांगतो. त्याच भीमगडात आमगावसारखी गावं आहेत, तिथं पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावरनं उचलून रोडपर्यंत आणावं लागतं. त्यांना वाट नाही म्हणून जीव जातोय आणि आपण हौसेसाठी वाट मागतोय, एवढं ध्यानात ठेवून गार्डशी बोल.

प्रश्न : माझं वय ५८, गुडघे दुखतात. अशी बाईक घेऊन राजहंसगड चढता येईल का?
– एक वाचिका, टिळकवाडी

उत्तर : येईल की काकू, वरपर्यंत डांबरी रस्ता आहे. फक्त दुकानात एकदा बाईक उचलून बघा, २२-२५ किलो असते, आणि चढावर बॅटरी संपली तर तेवढं वजन तुम्हालाच ढकलायचंय. कंपनी सांगते ते किलोमीटर सपाट रस्त्याचे असतात, चढाला निम्मे धरा. फुल असिस्ट, म्हणजे मोटरची पूर्ण मदत, लावून सुटू नका, हलका गिअर टाकून पाय फिरते ठेवा, गुडघ्यावर जोर कमी येतो. डॉक्टरांना मात्र आधी विचारा.

प्रश्न : रविवार आला की सायकलवाली पोरं माझ्या बांधावरनं जातात. विचारलं तर इंजिन नाही काका, काय होत नाही म्हणतात. काय करू?
– एक शेतकरी, खानापूर तालुका

उत्तर : काका, होतं, आणि हे त्या पोरांनी वाचावं म्हणून मुद्दाम छापतोय. पोरांनो, लावणी झाल्यावर भाताच्या शेतात पाणी उभं असतं, आणि ते फक्त त्या हातभर मातीच्या बांधानं धरलेलं असतं. पावसानं भिजलेल्या बांधावरनं जाड टायरची बाईक, वर बसलेला माणूस, असे चारपाच जण ओळीनं गेले की चाकोरी पडते, रात्री पाऊस झाला की तिथंच बांध फुटतो आणि सगळं पाणी खालच्या शेतात. सकाळी कुदळ घेऊन कोण जाणार, काकाच ना? जून ते ऑक्टोबर बांधावर चाक घालायचंच नाही. इतर वेळी पण घरात हाक मारून विचारायचं, गुरं अडवायला लावलेली बेडी, म्हणजे बांधावरचं फाटक, काढली तर परत लावायची.

काका, तुम्ही बांधाच्या तोंडाला काटेरी फांद्या टाका. आणि शक्य असेल तर गावच्या गाडीवाटेकडं बाण दाखवणारी एक फळी पण लावा, बरीच पोरं वाट माहीत नाही म्हणूनच बांधावर चढतात.