घशाचा स्वॅब देण्यापूर्वी

प्रश्न : माझ्या आठ वर्षांच्या मुलीला तीन दिवसांपासून ताप आहे आणि गिळताना घसा दुखतो. डॉक्टरांनी घशाचा स्वॅब कल्चरसाठी द्यायला सांगितला असून उद्या सकाळी लॅबमध्ये जायचे आहे. तिला उपाशीपोटी न्यावे का? मागच्या आजारपणातले अँटिबायोटिक सिरप घरात उरले आहे; ते आज रात्रीपासून दिले तर चालेल का? – एक वाचक, सातारा

उत्तर : आधी सिरपविषयी, कारण तपासणीचा निकाल त्यावरच अवलंबून आहे. ते देऊ नका. पाणी घालून तयार केलेले असे सिरप एक-दोन आठवड्यांपलीकडे टिकत नाही हे तर आहेच. शिवाय एक-दोन मात्रांनीही जंतू इतके कमी होऊ शकतात, की घशात स्ट्रेप्टोकोकस हा घसादुखीचा जंतू असूनही कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, तो उगवत नाही. आधीच एखादी मात्रा दिली गेली असेल, तर औषधाचे नाव व वेळ डॉक्टरांना आणि लॅबलाही सांगावी. या जंतूचा संसर्ग उपचाराविना राहिल्यास काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी ऱ्हुमॅटिक ताप येतो व हृदयाच्या झडपांना इजा होऊ शकते. घसा दुखू लागल्यापासून 9 दिवसांत योग्य औषध सुरू झाले तर हा धोका बहुतांशी टळतो, त्यामुळे रिपोर्टसाठी लागणारे 24 ते 48 तास थांबायला सहसा हरकत नसते. डॉक्टरांनी स्वॅबनंतर लगेच औषध सुरू करायला सांगितले असेल, तर अर्थातच तसे करावे.

उपाशी राहण्याची गरज नाही. मात्र भरल्या पोटी ओकारी होण्याची शक्यता अधिक, म्हणून खाणे तासाभरापूर्वी आटोपावे. बेटाडीनच्या गुळण्या सकाळी टाळाव्यात. आजीबाईंच्या हळद-मिठाच्या गुळण्याही स्वॅब दिल्यानंतरच होऊ द्याव्यात.

मुलीला मांडीवर बसवून एका हाताने तिचे दोन्ही हात आणि दुसऱ्याने कपाळ धरावे. तंत्रज्ञ पट्टीने जीभ दाबून, तिला ‘आ’ करायला लावून, कापसाची काडी दोन्ही टॉन्सिलवर आणि घशाच्या मागच्या भिंतीवर फिरवतात; जिभेला किंवा गालाला काडी लागली तर तोंडातले इतर जंतू नमुन्यात मिसळतात. हे काम काही सेकंदांचेच असते. ‘काहीच होणार नाही’ असे सांगून मुलांना नेतात, ते मला पटत नाही. ‘क्षणभर ओकारी आल्यासारखे होईल’ हे आधी सांगितलेले मूल अधिक शांत बसते.

रिपोर्टमध्ये ‘नॉर्मल फ्लोरा’ असे लिहून आले, तर घशात नेहमी असणारेच जंतू सापडले, एवढाच त्याचा अर्थ. अशी घसादुखी बहुधा विषाणूंची असते आणि तिला अँटिबायोटिक लागत नाही.

मुलीला लाळही गिळता येत नसेल, तोंड पुरते उघडत नसेल किंवा श्वास घेताना आवाज येत असेल, तर लॅबची वाट न पाहता तिला थेट रुग्णालयात न्यावे.