दोन जण की दोघं, आणि पाच लोक का नाही?

तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत असा: हिंदीच्या सवयीने तुम्ही 'पाच लोक आले' म्हणता. ऑफिसात कुणी टोकत नाही, पण घरमालकीणबाई दर वेळी 'पाच जण' अशी दुरुस्ती करतात. म्हणून तुम्ही 'आम्ही दोन जण जेवायला बाहेर जातोय' म्हणालात, तर त्यांनी तेही बदलून 'दोघं' केलं. मग नियम तरी काय, आणि लिहायचं 'जण' की 'जन'?

मी बावीस वर्षं सहलीच्या बस नेतोय. चहाला थांबलो की मोजा, देवळातून निघालो की मोजा, असं दिवसातून सात-आठ वेळा माणसं मोजणं हेच काम. तेव्हा व्याकरणाच्या पुस्तकातून नाही, बसच्या दारातून सांगतो.

दोन, तीन आणि चार माणसांसाठी मराठीत वेगळे शब्द आहेत: दोघे, तिघे, चौघे. सगळ्या बायका असतील तर दोघी, तिघी, चौघी. पाचावर ही सोय संपते. माझा पुतण्या लहानपणी 'पाचघे' म्हणायचा आणि तर्काने त्याचं चुकत नव्हतं, पण तसा शब्द नाही. तिथून पुढे पाच जण, अकरा जण, चौतीस जण. बायका असतील तर पाच जणी. 'दोन जण' अशुद्ध मुळीच नाही. 'अपघातात दोन जण जखमी' असं पेपरात रोज छापून येतं, कारण ते दोघे बातमीदाराच्या ओळखीचे नसतात. स्वतःबद्दल, घरच्यांबद्दल बोलताना मात्र 'आम्ही दोन जण' कोरडं वाटतं. तुमच्या घरमालकीणबाईंना तेच खटकलं. 'दोघे जण', 'तिघी जणी' असं जोडून म्हटलेलंही चालतं.

यातली एक बारीक गंमत बघा. 'माझे दोन भाऊ मुंबईला असतात' म्हटलं, तर आणखीही भाऊ असतील असं ऐकणाऱ्याला वाटू शकतं. 'माझे दोघे भाऊ मुंबईला असतात' म्हटलं की भाऊ दोनच आणि दोघेही तिकडेच. नुसती संख्या सांगायची तेव्हा 'दोन', ठरलेली जोडी डोळ्यापुढे असेल तेव्हा 'दोघे'. हिंदीतल्या 'दोनों आए'चं मात्र 'दोन्ही आले' करू नका, 'दोघेही आले' म्हणा. दोन्ही बॅगा येतात, दोन्ही गाड्या येतात.

आता लोक. 'लोक जमले', 'लोक काय म्हणतील', 'शे-दोनशे लोक होते' हे सगळं अस्सल मराठी आहे. लोक म्हणजे घोळका, ज्यातला एकेक चेहरा वेगळा दिसत नाही. म्हणून ढोबळ किंवा मोठ्या आकड्याशी तो शब्द जमतो, नेमक्या लहान आकड्याशी जमत नाही. 'पाच लोक' हल्ली टीव्हीवर सर्रास ऐकू येतं आणि अर्थ कळतोच, पण मला ते खड्यासारखं लागतं. 'पाच माणसं' चालेल. फक्त काही घरांत 'माणसं' म्हणजे पुरुष आणि 'बायामाणसं' निराळी, तेव्हा जरा जपून. आणि नाम सांगितलंत की जण गळतो: पाच पाहुणे, पाच विद्यार्थी. 'पाच जण पाहुणे' म्हणायचं नाही.

खरी अडचण स्त्री-पुरुष मिसळले की येते. बोलताना आपण नपुंसकलिंग वापरतो: 'ती दोघं आली', म्हणजे बहुधा नवरा-बायको. 'ते दोघे आले' म्हणजे दोन पुरुष, 'त्या दोघी आल्या' म्हणजे दोन बायका. छापील भाषेत 'दोघं'चं 'दोघे' होतं. मग 'ते दोघे' आणि 'ती दोघे' यांत फरक उरतो फक्त ते-ती एवढाच. आणि वाक्य 'आम्ही'ने सुरू झालं की तोही पुसला जातो. याची किंमत मी एकदा मोजलीय. एका प्रवाशाचा मेसेज आला, 'आम्ही तिघे येतो'. मी समजलो तिघे पुरुष, आणि भक्तनिवासात पुरुषांच्या मोठ्या हॉलमध्ये तीन गाद्या धरल्या. रात्री साडेदहाला गाडीतून उतरले ते नवरा, बायको आणि कॉलेजातली मुलगी. व्यवस्थापकांनी स्वतःच्या ओळखीत एक खोली उघडून दिली म्हणून निभावलं. तेव्हापासून फोनवर माझा ठरलेला प्रश्न असतो: 'तिघे, तिघी की तिघं?' लोक हसतात, पण उत्तर बरोबर देतात.

स्पेलिंगचं विचारलंत. मोजायचा तो 'जण', ण बाणातला. 'जन' हा मूळ संस्कृत शब्द, त्याचंच प्राकृतात 'जण' झालं आणि मराठीने दोन्ही ठेवून घेतले. 'जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळग' यातला जन म्हणजे एकूण समाज, तो मोजता येत नाही. गंमत म्हणजे शिरगणतीला आपण म्हणतो जनगणना. २०११ सालच्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाखांच्या वर भरली, आणि ती भरली कशी, तर दारात आलेल्या माणसाने 'घरात किती जण?' विचारत विचारत. जन, लोक आणि जण एकाच कामाला लागले. वऱ्हाडाकडचं कुणी 'पाच जन' म्हणालं तर मात्र दुरुस्त करायला जाऊ नका. तिकडे पाण्याचंही 'पानी' होतं, ती बोलीच तशी आहे. आणि गोव्यात कोंकणीत हाच शब्द 'जाण' होऊन भेटेल.

जण सगळीकडे चालतो, पण जागोजागी लोक दुसरंच काही मोजतात. आचारी 'किती जण?' विचारत नाही, 'किती पानं?' विचारतो. दीडशे पानांचा स्वयंपाक म्हणजे दीडशे माणसं जेवणार. केळीचं पान जाऊन थाळी आली तरी मोजणी पानांचीच. वडापवाला जीपच्या दारात लोंबकळून 'एक शीट, एक शीट' ओरडतो. पोलिसांच्या कागदात 'दोन अनोळखी इसम' असतात. इसम हा अरबी शब्द, अर्थ नाव. त्याचाच अनेकवचनी भाऊ 'असामी', जो जुन्या मोडी कागदांत माणसं मोजायला सर्रास सापडतो आणि आता 'बडी असामी' एवढ्यापुरता उरलाय. वाटणी करायची तर 'माणशी शंभर रुपये' किंवा 'प्रत्येकी शंभर'. 'जणी शंभर' म्हणालात तर बायकांनाच पैसे मागताय असं वाटेल. सरकारी आकडेवारीत तेच 'दरडोई' होतं, म्हणजे दर डोक्यामागे.

जनावरांना जण लागत नाही. आमच्या गाडीत एकदा एक बाई कुत्रं घेऊन आल्या. माझ्या वहीत तेव्हाची नोंद आहे: 'बत्तीस जण व एक कुत्रे'. बाई रागावल्या होत्या, तेहेतीस लिहा म्हणाल्या.

राहिलं 'पाच जण' जोडून लिहायचं की सुटं. मी आकड्यापुढे सुटं लिहितो, आणि 'सगळेजण', 'प्रत्येकजण' जोडून. दोन्ही पद्धती छापील मजकुरात दिसतात. तुमच्या घरमालकीणबाई कशा लिहितात ते एकदा बघा आणि तसंच लिहा, घर त्यांचं आहे.