फोन हिसकावला, फोटो उडवले, आता बातमी कशी करायची?

प्रश्न: सर, मी एका अनुदानित कॉलेजात टीवायला आहे, जर्नालिझम घेतलंय. आम्ही चौघं भित्तीपत्रक काढतो आणि इन्स्टावर एक पेज चालवतो. होस्टेलच्या पाण्याच्या टाकीला झाकणच नाहीये, आत शेवाळ आणि वर कावळ्याचं पीस तरंगत होतं, फोटो काढले तर वॉचमनने फोन हिसकावून डिलीट केले, आणि दुसऱ्या दिवशी प्राचार्य म्हणाले इथून पुढे प्रत्येक बातमी आधी मला दाखवायची. आम्हाला प्रेसचे हक्क आहेत का? प्रेसकार्ड छापून घेऊ का?

उत्तर: आधी गॅलरीतलं 'रिसेंटली डिलीटेड' उघड, बऱ्याच फोनमध्ये फोटो साधारण 30 दिवस तिथेच पडून असतात. मग वाच पुढचं.

प्रेसकार्ड छापू नकोस, त्याला कायद्याने काडीची किंमत नाही. आपल्या घटनेत प्रेससाठी वेगळं कलमच नाहीये, मोठ्या पेपरचा संपादकही प्रत्येक नागरिकाला बोलण्या-लिहिण्याचं स्वातंत्र्य देणाऱ्या त्याच 19 व्या कलमावर उभा आहे ज्यावर तू उभी आहेस. म्हणजे आत जायला मिळतं ते होस्टेलमध्ये राहणारी मुलगी म्हणून, पत्रकार म्हणून नाही. कॅम्पसवर फोटो काढायचे की नाही याचे नियम कॉलेज करू शकतं, पण फोन जप्त करायचा किंवा फोटो उडवायचा अधिकार वॉचमनला कुणी दिलेला नाही. तारीख-वेळ टाकून प्राचार्यांकडे लेखी तक्रार दे आणि आवक-जावकच्या टेबलावरून पोच घे. मुलींच्या खोल्या आणि चेहरे मात्र विचारल्याशिवाय फ्रेममध्ये घेऊ नकोस, तिथे तूच अडकशील.

प्राचार्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. वार्षिक अंकाचे प्रकाशक सहसा तेच असतात, भित्तीपत्रकाचा बोर्डही कॉलेजचा, तिथे कात्री त्यांच्या हातात. तुमच्या स्वतःच्या पेजवरची बातमी आधी दाखवा असं मात्र कुठला कायदा सांगत नाही, फक्त पेजवर कॉलेजचा लोगो लावून अधिकृत असल्याचा आव आणू नका. बातमी छापण्याआधी प्राचार्यांना लेखी प्रश्न द्या आणि उत्तर आलं तर छापा, पण मजकूर दाखवणं वेगळं आणि बाजू विचारणं वेगळं, आमच्या धंद्यातले भलेभलेही यात गोंधळतात.

खरा दरवाजा आहे माहिती अधिकार. 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की सरकारी पैशावर मोठ्या प्रमाणात चालणारी शाळा-कॉलेजं 2005 च्या या कायद्यात येतात, म्हणजे तुमच्या अनुदानित कॉलेजात जनमाहिती अधिकारी असायलाच हवा. अर्जावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लाव, पण महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांत बसवावा लागतो, तेव्हा टाकी आणि मेस एकाच अर्जात कोंबू नकोस. आणि 'टाकी साफ का केली नाही?' असं विचारू नकोस, 'का'चं उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही, कागद माग: गेल्या दोन वर्षांत टाकी साफ केल्याची बिलं आणि पाणी तपासल्याचे रिपोर्ट. बिल नसेल तर 'माहिती उपलब्ध नाही' असं सही-शिक्क्यानिशी येतं, आणि ते त्या कावळ्याच्या पिसापेक्षा भारी पडतं. माहिती कशाला हवी हे विचारायचा त्यांना हक्क नाही. 30 दिवसांत काही आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत 20 रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील.

प्रश्न: आमचं इंजिनिअरिंग कॉलेज विनाअनुदानित आहे. ऑफिसवाले म्हणतात आरटीआय आम्हाला लागूच नाही. मग काय करायचं?

उत्तर: ते खरं असू शकतं, पण त्यांनी संलग्नतेसाठी विद्यापीठाला दिलेले कागद आणि तपासणीला आलेल्या कमिटीचा अहवाल विद्यापीठाकडे असतो ना, आणि सरकारी विद्यापीठाला कायदा नक्की लागू आहे. अर्ज तिकडे टाक. लॅबमध्ये किती मशीन दाखवली होती ते त्यात मिळेल, मग प्रॅक्टिकलच्या दिवशी मोजून घे.